सोलापुरात घर बदलताना मोठी रीफ टाकी कशी न्यायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळीवेशीजवळच्या जुन्या घरातून जुळे सोलापुरातल्या तळमजल्यावर आम्ही आमची पाच फुटी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ ठेवायची टाकी, नेली. तेव्हापासून ओळखीत कोणी घर बदलायला काढले आणि त्यांच्याकडे मासे असले, की माझा फोन वाजतो. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच लिहून काढले. सगळा हिशेब ५ × २ × २ फुटांच्या टाकीचा धरला आहे. तुमची चार फुटी असेल तर आकडे त्या मानाने उतरवा. सहा फुटी घ्यायचा विचार असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्या, मग मला फोन करा.

तळाशी थोडं पाणी ठेवून टाकी तशीच छोट्या हत्तीतून नेली तर?

नको. वीस घनफुटांची टाकी म्हणजे काठोकाठ ५६६ लिटर. १२ मिलिमीटर काचेची रिकामी टाकीच शंभर किलोच्या वर भरते. तळाला फक्त दोन इंच पाणी ठेवले तरी ते ४५ लिटर होते, आणि गतिरोधकावर ते सगळे एका बाजूला धावते. काच त्याच क्षणी फुटेलच असे नाही. तळाचा सिलिकॉनचा जोड केसाएवढा उघडतो आणि ते तुम्हाला कळते नव्या घरी टाकी पूर्ण भरल्यावर, रात्री दोन वाजता, पाय ओले झाल्यावर.

टाकी कोरडी, रिकामी, वाळूचा कणही न ठेवता न्यायची. खाली टाकीपेक्षा मोठा प्लायवूड, त्यावर जाड थर. आपल्या गावात त्यासाठी बबलरॅप विकत आणायची गरज कोणाला पडावी? जुन्या चादरी आणि टॉवेल प्रत्येक माळ्यावर पडलेले असतात. मात्र उचलायला चार नाही, सहा माणसे सांगा, आणि हमालांना बोलावण्याआधी जिन्याच्या वळणाचे माप घ्या. आमची टाकी जुन्या घरात शिरली तेव्हा जिन्याला कठडा नव्हता. बाहेर काढताना होता. शेवटी सुताराला बोलावून तो उतरवावा लागला.

मग नेमकं हलवायचं काय असतं?

दगड. म्हणजे दगडातले जिवाणू.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या भागात काही नायट्रेटचा वायू होऊन निघून जातो. ही सगळी मंडळी दगडाच्या छिद्रांत आणि वाळूत चिकटून राहतात. पाण्यात तरंगणारी अगदी थोडी. म्हणून जुने पाणी सगळे फेकले तरी टाकी मरत नाही, पण दगड दोन तास उन्हात कोरडे पडले तर नव्या घरात पहिल्या आठवड्यातच अमोनिया वर येतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पीएचला तोच अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त विषारी ठरतो, त्यामुळे गोल्डफिशच्या टाकीत खपून गेलेली चूक इथे खपत नाही.

माझे मत विचाराल तर मोठी टाकी हलवायचीच नाही. नव्या घरी दुसरी मांडायची, महिनाभर आधी, आणि मग रहिवासी तिकडे न्यायचे. ज्यांना एकाच टाकीवर भागवायचे आहे त्यांच्यासाठी पुढची उत्तरे आहेतच, पण नव्या घराचे पाणी, वीज आणि जमीन आधी तयार हवी, हे दोघांनाही लागू.

कोणत्या महिन्यात न्यावी?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. एवढेच तीन महिने मी मानतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो. बंद टेम्पोत त्याहून जास्त. रीफ टाकीला २५ ते २७ अंश लागतात. पाणी ३० च्या वर बराच काळ राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकू लागते आणि पांढरे पडते. तेच शैवाल त्याला बहुतेक अन्न पुरवत असते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खारे पाणी मुळातच त्यात मागे. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पिशवीत बसलेल्या माशाला हा फरक फार मोठा आहे.

पावसाळ्यात उष्मा नसतो, पण वीज बेभरवशाची आणि नळाचे पाणी गढूळ. हिवाळ्यातही एक आठवडा वगळा: संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी गावठाणातून टेम्पो काढायचा विचार करणारा माणूस सोलापूरचा नसणार.

पण गृहप्रवेशाचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा आहे.

मग अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करा, दूध उतू घाला, जेवणावळ घाला. टाकीला मुहूर्त लागत नाही. जुने घर सोडायला दिवाळीपर्यंत वेळ मिळत असेल तर टाकी तिथेच राहू द्या आणि रोज एक फेरी मारा. आमच्या आईने यावर "माणसं नव्या घरात आणि मासे जुन्या घरात, हा कुठला संसार?" असे विचारले होते. तिचे बरोबर होते, पण मासे जगले.

घर सोडणे भागच असेल तर पहाटे चारला सुरुवात करा आणि सकाळी नऊच्या आत मासे नव्या पाण्यात पडतील असे बघा.

पाणी किती लागेल आणि ते आणायचं कुठून?

सोलापुरात या छंदाची खरी परीक्षा इथे आहे. बाकी सगळे पैशाने सुटते.

टाकी आणि सम्प (टाकीखालची पाणी गाळायची छोटी टाकी) मिळून साधारण ५५० ते ६०० लिटर पाणी धरा. मी निम्मे जुने पाणी नेले आणि निम्मे नवे केले. जुन्या पाण्यात फारसे जिवाणू नसले तरी प्राण्यांना ओळखीचे रसायन मिळते आणि धक्का कमी बसतो. म्हणजे नवे ३०० लिटर तरी हवे, आणि काही बिघडले तर आणखी १५० हाताशी. हे पाणी शुद्ध, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारे हवे. आरओच्या पुढे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचे, नळकांडे जोडले की ते मिळते.

आता हिशेब बघा. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर फेकतो. ४५० लिटरसाठी १८०० लिटर नळाचे पाणी लागले. आपल्याकडे नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातली प्रत्येक बादली रांगेत असते. म्हणून हे काम एका रात्रीत होत नाही. मी महिनाभर आधी सुरुवात केली. प्रत्येक पाण्याच्या पाळीला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी साठवत गेलो. फेकले जाणारे पाणी हौदात वळवले. फरशी, संडास, कुंड्या सगळे त्यावर निभावले. ज्या गावात लोक टँकरची वाट पाहतात तिथे माशांसाठी पाणी वाया घालवले असे कोणी म्हणू नये, आणि मलाही ते पटले नसते.

साठवायला झाकणाची, खाण्याच्या दर्जाची निळी पिंपे घ्या. जुनी पिंपे घेताना फार जपा. आपल्याकडे चादर-टॉवेलच्या कारखान्यांतून निघालेली पिंपे स्वस्तात मिळतात आणि त्यांत आधी रंग, ब्लीच किंवा धुलाईचे रसायन असू शकते. धुऊन ते जात नाही. जुने पाणी न्यायला वीस लिटरचे पाण्याचे जार सर्वांत सोयीचे: पंधरा जार म्हणजे ३०० लिटर, आणि प्रत्येक जार एकाच माणसाला उचलता येतो.

घरातल्या स्वयंपाकघरातल्या आरओचं किंवा बोअरचं पाणी नाही चालणार?

बोअरचे अजिबात नाही. त्यात क्षार, नायट्रेट, कधी लोह, आणि प्रत्येक वॉर्डात वेगळी गंमत. स्वयंपाकघरातल्या आरओत बहुधा चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे टीडीएस शून्यावर येत नाही. ती बंद करून पुढे डीआय लावता येते, पण ताशी बारा-पंधरा लिटरचे ते यंत्र, आणि घरच्यांचे पिण्याचे पाणी थांबवून किती दिवस चालवणार?

नळाचे पाणीही दर आठवड्याला सारखे नसते. कधी उजनीच्या जलवाहिनीचे, कधी टाकळीचे, कधी टँकरचे. पंधरा दिवसांपूर्वी टीडीएस तपासला होता म्हणून आज तोच असेल असे धरू नका.

खडे मीठ किंवा कोकणातून आणलेलं समुद्राचं पाणी?

समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या वर असतात, हे खरे. प्रवाळाला जे लागते ते उरलेल्या भागात आहे: मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. वाण्याकडच्या मिठात ते नाही, वर आयोडीन आणि गुठळी न होण्याची पावडर असते. रीफसाठी बनवलेले मीठच घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ३०० लिटरला सुमारे ११ किलो. एक दिवस आधी मिसळून पंपाने फिरवत ठेवा आणि क्षारता ३५ (हजारात ३५ भाग) आली का ते रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीने पाहा. त्याच कामाच्या स्वस्त हायड्रोमीटरचा काटा माझ्याकडे दोन वेगवेगळे आकडे दाखवत असे, म्हणून तो मुलाला खेळायला दिला.

कोकण किनारा इथून दोन-चार गल्ल्यांवर नाही. काठावरचे पाणी गाळाचे, पावसाळ्यात खाडीचे गोडे पाणी मिसळलेले, बंदराजवळ तेलाचा तवंग. आणून गाळेपर्यंत मीठ स्वस्त पडते.

पहिल्या मजल्यावर स्लॅब सोसेल का?

पाणी ५७०-५८० किलो, काच शंभर, दगड पन्नास, वाळू चाळीस, स्टँड ऐंशी, सम्प वेगळा. सगळे मिळून पाऊण टनाच्या पुढे, टनाच्या जवळ, आणि हे सगळे जेमतेम ०.९ चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला वापरभार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो. तो अख्ख्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे एका कोपऱ्यात जास्त वजन आले की स्लॅब लगेच कोसळतो असे नाही. पण "आमच्याकडे वीस माणसं एका खोलीत जेवायला बसतात, काही होत नाही" हा युक्तिवादही चालणार नाही. माणसे जेवून उठतात. टाकी दहा वर्षे उठत नाही.

तुळईच्या जवळ, भार घेणाऱ्या भिंतीला लागून ठेवा आणि मधल्या मोकळ्या स्लॅबवर टाळा. तुळया कुठे आहेत ते बिल्डरच्या आराखड्यात दिसते. तो घेऊन एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हा सल्ला फुकट मागू नका, लेखी घ्या.

गावठाणातले माळवद असेल तर वरच्या मजल्यावर टाकी हा विषयच काढू नये. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि माती. आमचे जुने घर नंतर बांधलेल्या स्लॅबचे होते, तरी टाकी होती त्या काळात मी खालच्या खोलीच्या छताकडे रोज एकदा बघत असे.

तळमजला मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

हॉलमध्ये कुठे मांडावी? वास्तूप्रमाणे ईशान्येला सांगतात.

ईशान्येला प्लग, तुळई आणि सावली असेल तर ठेवा की. माझी एकच हरकत पश्चिमेच्या भिंतीला आहे. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री अकरापर्यंत गरम असते. खिडकीतून थेट ऊनही नको, शैवाल माजते. भिंतीपासून हात घालता येईल इतकी फट सोडा आणि दाराच्या, फ्रीजच्या वाटेत ठेवू नका.

स्टँड सगळ्या बाजूंनी पाणसळीत आहे का ते टाकी ठेवण्याआधी पाहा आणि निम्मी भरल्यावर पुन्हा पाहा. एक टोक तीन-चार मिलिमीटर खाली असेल तर पाण्याची रेघच ते दाखवते.

विजेचं काय करायचं?

घराचे वायरिंग होत असतानाच टाकीसाठी वेगळी लाइन आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) टाकून घ्या. खारे पाणी आणि वीज यांची जोडी वाईट. प्लगपॉइंट टाकीच्या खाली किंवा सम्पच्या शेजारी देऊ नका. बाजूला, उंचावर द्या. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्याआधी एकदा खाली झोल घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोलावरून खाली पडतो, प्लगपर्यंत जात नाही.

वीज गेल्यावर दिवे, स्किमर (हवेच्या फेसातून घाण काढणारे यंत्र), चिलर (पाणी गार करणारे यंत्र) बंद राहिले तरी रात्र निघते. पाणी हलले पाहिजे एवढेच. पन्नास वॅटचा वेव्हमेकर, म्हणजे टाकीत लाटा करणारा पंप, १५० अॅम्पिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीवर, घरातले पंखे-दिवे आवरले तर, रात्रभर चालतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या; चौकोनी लहरीवर पंप गुरगुरतात आणि तापतात. शिफ्टिंगचा दिवस ठरवताना महावितरणचा देखभालीचा वार नव्या भागात कोणता आहे तेही विचारून घ्या. सगळे दगड पिंपात आणि नव्या घरात वीज नाही, हा अनुभव कोणाला येऊ नये.

नव्या घरात रंग, पॉलिश, पेस्ट कंट्रोल चाललंय. चालेल?

इथे माझी चूक सांगतो.

ताबा मिळाल्यावर कॉलनीतल्या सगळ्यांनी वाळवीसाठी फवारणी करून घेतली. आम्हीही घेतली. फवारणारा म्हणाला, दोन दिवसांत वास जातो. वास गेला होता, मीही समाधानी होतो. टाकी मांडली, पंप सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी दोन क्लीनर श्रिंप उताणे. पाचव्या दिवशी खेकडे. मासे हबकल्यासारखे एका कोपऱ्यात. पाण्याच्या सगळ्या चाचण्या नीट येत होत्या, म्हणून दोन दिवस कारण कळेना. मग लक्षात आले: स्टँडखालची फरशी मी ओल्या फडक्याने पुसली होती आणि तेच फडके पिळून सम्पची काच पुसली होती.

वाळवी-झुरळांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये माणसाला फारशी जाणवत नाहीत. माशांना, आणि त्याहून जास्त कोळंबी-खेकड्यांना, ती अत्यल्प प्रमाणातही मारतात. हे प्राणी झुरळाचे चुलतभाऊच, संधिपाद. विष शोषणारा कार्बन भरला आणि दोनदा निम्मे पाणी बदलले, तेव्हा मासे वाचले.

तेव्हा फवारणी महिनाभर आधी करून घ्या, टाकीच्या खोलीत शक्यतो टाळाच, आणि टाकीची फडकी, बादल्या, पाइप सगळे वेगळे, नाव लिहून ठेवा. तेलरंग आणि फर्निचरचे पॉलिश पूर्ण सुकू द्या. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो. म्हणजे खोलीत जे आहे ते पाण्यात. वास्तुशांतीच्या होमाच्या दिवशी स्किमर बंद ठेवा आणि टाकीवर ओली चादर टाका. गुरुजींना सांगितले तर तेही हसून मान्य करतात.

चिलर घ्यावाच लागेल का?

एप्रिल-मेसाठी, मोठ्या टाकीला, हो. बाकीचे नऊ-दहा महिने पंख्यावर भागते, आणि त्यामागचा हिशेब मला फार आवडतो.

माठातले पाणी का गार होते? बाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. टाकीचेही तसेच. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता नेते. ६०० लिटर खारे पाणी एका अंशाने उतरवायला जवळजवळ तेवढीच उष्णता काढावी लागते. म्हणजे पृष्ठभागावर पंखा सोडून एक लिटर उडवला की टाकी एक अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत हे नीट जमत नाही. आपली कोरडी हवा इथे कामाला येते, एरवी तिला आपण शिव्या देतो.

किंमत अशी, की दिवसाला सहा-आठ लिटर पाणी उडते, उन्हाळ्यात जास्त. उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्याची नाही, आणि ती रोज थोडी थोडी, जमल्यास आपोआप भरणाऱ्या फ्लोटवर. चिलर घेतलात तर त्याची गरम हवा त्याच खोलीत किंवा बंद कपाटात सोडू नका. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हात पोळेल इतके तापलेले असते, ते आरओला लावू नका.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय क्रम ठेवायचा?

आदल्या दिवसापासून खाणे बंद, म्हणजे पिशव्यांत घाण होत नाही. सकाळी आधी स्वच्छ पाणी जारमध्ये काढा, वाळू ढवळली जाण्यापूर्वी. मग प्रवाळ एकेक करून डब्यांत, पाण्याखालीच. मग दगड पिंपात, पूर्ण बुडलेले, सोबत एक छोटा पंप. दगडावर स्पंज (हाही जिवंत प्राणीच) असेल तर त्याला क्षणभरही हवा लागू देऊ नका. मासे शेवटी. सुरुवातीलाच जाळी घेऊन मागे लागलात तर दगडांच्या आड जाऊन ते तुमचा दिवस खातील आणि स्वतःही अर्धमेले होतील. दगड निघाले आणि पाणी वीतभर उरले की हाताने डबा धरून पकडता येतात.

थर्माकोलच्या पेट्या मासळीवाल्याकडे किंवा केटररकडे मिळतात. प्रत्येक माशाला वेगळी पिशवी किंवा डबा, बॅटरीवरचा हवेचा पंप. पेट्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये किंवा स्वतःच्या एसी गाडीत, मागे टपावर नाही.

नव्या घरी वाळू, दगड, पाणी, पंप, मग थांबा. पाणी निवळू द्या, तापमान आणि क्षारता जुळवा. मासे डब्यात तासभर जास्त बसले तर काही होत नाही. घाईने २३ अंशांच्या पाण्यात सोडले तर होते.

जुनी वाळू न्यावी का?

नाही. तळाच्या वाळूत वर्षानुवर्षांची घाण आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो. ती उपसली की तो पाण्यात मोकळा होतो. नवी वाळू धुऊन टाका, जुनीची वरच्या थरातली दोन-तीन मुठी विरजणासारखी घाला. पुरे.

आपला काळा दगड टाकीत चालेल का? शेतात भरपूर पडलाय.

दख्खनचा बेसाल्ट फार घट्ट, जड आणि बिनछिद्री. जिवाणूंना त्यात घर नाही. बांधकामाला वापरा. टाकीत कारखान्यात घडवलेला सच्छिद्र दगड घाला.

दगड हाताळताना काही धोका?

आहे, आणि तो फार जणांना ठाऊक नसतो. झोअँथिड आणि पॅलिथोआ ही रंगीत बटणांसारखी प्रवाळे काही जातींत पॅलिटॉक्सिन बाळगतात. माहीत असलेल्या अतिजहाल नैसर्गिक विषांपैकी ते एक. जखमेतून, डोळ्यांत उडून किंवा वाफेतून शरीरात गेले तर दवाखाना गाठावा लागतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच दगड उचला. मुले दुसऱ्या खोलीत. आणि जुना दगड "स्वच्छ करायला" चुलीवर उकळायचा नाही, ब्रशने कोरडा घासायचा नाही, कधीच नाही. घरभर वाफ होते आणि माणसे आजारी पडतात.

कायद्याची भानगड काय आहे? माझ्याकडे बिलं नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या परिशिष्टात रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे ही नावे आहेत; समुद्रघोडे आणि समुद्रकाकडीही याच कायद्याखाली येतात. पहिले परिशिष्ट म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या किनाऱ्यावरून कठीण प्रवाळाचा वाळलेला तुकडाही उचलून आणू नका. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथे तर स्नॉर्केल लावून बघा आणि रिकाम्या हाताने या. बाहेरून आलेली कठीण प्रवाळे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटीस कराराखाली येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी मालकाची जबाबदारी झाली आहे.

मी माझ्या टाकीत मशरूम, लेदर, झेनिया अशी मऊ प्रवाळे ठेवतो. ती कठीण प्रवाळांच्या गणात येत नाहीत, उष्णताही बरी सोसतात. क्लाउनफिश बंदिस्त पैदाशीचे घ्या. आपल्याच देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखवली आहे. बिले नसतील तर घर बदलण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. रस्त्यात टेम्पो अडवल्यावर विचारण्यापेक्षा ते बरे.

हलवल्यावर किती दिवस काळजी?

दहा दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. शून्याच्या वर दिसले तर पाणी बदला. राखीव १५० लिटर त्यासाठीच होते. खाणे निम्मे. दिवे नेहमीच्या निम्म्या तीव्रतेवर, दोन आठवड्यांत हळूहळू वर. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी (पीएच टिकवणारी क्षमता) ८-९ डीकेएच, मॅग्नेशियम लिटरमागे १२५०-१३५० मिलिग्रॅम यांकडे दुसऱ्या आठवड्यात बघा, पहिल्या आठवड्यात आकड्यांच्या मागे लागून औषधे ओतू नका. तपकिरी शेवाळाचा थर येईल आणि जाईल. नवे मासे दोन महिने नाहीत.

भाड्याचं घर असेल तर?

घरमालकाला आधी सांगा आणि वजनासकट सांगा. माझ्या एका मित्राने "छोटासा फिशटँक" असे सांगितले होते. सहा हमाल जिन्यावर बघून घरमालक खालीच उभे राहिले आणि सामान उतरू दिले नाही.

पुण्याहून सोलापूरला बदली झाली आहे. टाकी आणता येईल?

अडीचशे किलोमीटर, रात्री निघालात तर पाच तासांत याल. मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आरामात टिकतात. मात्र इथले पाणी, सावली आणि वीज तयार झाल्याशिवाय निघू नका. काच पुण्यातच विकून या, इथे नवी बांधून घ्या. भिगवणला चहाला थांबलात तर दोन मिनिटे पेटीचे झाकण उघडून बघा, पिशव्या टम्म असतील तर पुढे चला.